चाइल्डची पत्रं कशी वाचावीत

लोकसाहित्यात पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने मला विचारलंय : "फ्रान्सिस जेम्स चाइल्ड हा हार्वर्डचा प्राध्यापक इंग्रजी आणि स्कॉटिश बॅलडांचा सर्वांत मोठा संपादक मानला जातो. पण तो गावोगाव हिंडला नाही, गाणाऱ्या बायकांसमोर बसला नाही. अमेरिकेत बसून सगळं टपालाने मागवलं. मग युरोपातल्या लोकांशी त्याने केलेला पत्रव्यवहार आम्ही कशासाठी वाचायचा? आणि वाचायचा तर कसा?"

हस्तलिखितांची सूची करणं आणि जुना पत्रव्यवहार छपाईसाठी तयार करणं यात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग माझ्या रोजच्या कामातला आहे. पहिल्या भागाचं उत्तर एका वाक्यात सांगते. चाइल्डचा 'द इंग्लिश अँड स्कॉटिश पॉप्युलर बॅलड्स' हा दहा भागांचा ग्रंथ पत्रांतूनच तयार झाला, त्यामुळे पत्रं वाचल्याशिवाय त्या ग्रंथातलं कुठलं गाणं कुणाच्या भरवशावर छापलं आहे हे कळत नाही. कारण बांधलेल्या खंडांत निर्णय दिसतो आणि त्यामागची घालमेल पत्रांत असते.

आधी एका शब्दाबद्दल. बॅलडला 'पोवाडा' म्हणायचा मोह होतो, पण पोवाड्याला शाहीर असतो, डफ-तुणतुणं असतं, समोर जमाव असतो. चाइल्डला हवी होती ती निनावी गाणी. घरात, कामाच्या वेळी, मुलांना निजवताना म्हटलेली, एक गोष्ट सांगणारी आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी आलेली. म्हणून मी त्यांना कथागीतं म्हणते.

चाइल्डचा जन्म १८२५ चा, बॉस्टनमधला. वडील जहाजांची शिडं शिवायचे. हुशार म्हणून हार्वर्डला गेला, १८४६ मध्ये पदवीधर झाला, १८४९ ते १८५१ जर्मनीत, बर्लिन आणि ग्योटिंगेनला शिकला. ग्रिम बंधूंच्या भाषाशास्त्राची दीक्षा त्याला तिथे मिळाली आणि त्यांचं चित्र पुढे आयुष्यभर त्याच्या अभ्यासिकेत राहिलं. परत आल्यावर हार्वर्डने त्याला वक्तृत्वाचा प्राध्यापक केलं. या पदावर त्याची पंचवीस वर्षं मुलांचे निबंध तपासण्यात गेली. १८७६ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्याला बोलावणं धाडलं, तेव्हा हार्वर्डने इंग्रजीचं पद निर्माण करून त्याला ठेवून घेतलं आणि निबंधांतून त्याची सुटका झाली. त्याच्या पत्रांतला वेग या सालानंतर बदलतो. तारखा लावून वाचताना हे ध्यानात ठेवा.

त्याने कथागीतांचा एक संग्रह आधीच काढला होता, १८५७-५८ मध्ये, आठ छोट्या खंडांत. पण तो छापील पुस्तकांवरून केलेला होता आणि त्या पुस्तकांवर विसंबता येत नाही हे त्याला करतानाच कळत होतं. सगळ्यात मोठी अडचण होती बिशप पर्सीच्या वहीची.

ही वही तुम्हाला माहीत असायला हवी. सतराव्या शतकात कुणीतरी गाणी उतरवून ठेवलेली एक जाड वही. श्रॉपशरमधल्या शिफनल गावी हंफ्री पिट नावाच्या गृहस्थाच्या घरी ती टॉमस पर्सीला सापडली, तेव्हा मोलकरणी तिची पानं फाडून चूल पेटवत होत्या. पर्सीने ती वाचवली हे खरं. पण पुढे बांधणी करणाऱ्याने तिच्या कडा कापल्या आणि त्यात ओळी गेल्या. 'किंग एस्टमिअर' या गाण्याची पानं तर पर्सीने स्वतःच फाडून छापखान्यात पाठवली. १७६५ मध्ये त्याने जो प्रसिद्ध संग्रह काढला त्यात वहीतली गाणी स्वतःच्या चवीप्रमाणे दुरुस्त केली, तुटलेल्या जागी स्वतःच्या ओळी घातल्या. त्यानंतर शंभर वर्षं मूळ वही पर्सीच्या वारसांकडे कुलपात. कोणती ओळ लोकांची आणि कोणती पर्सीची, हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं.

ती वही उघडली ती पत्रांनी. फ्रेडरिक फर्निव्हल हा लंडनचा माणूस, जुनी इंग्रजी पुस्तकं छापून काढण्याचं वेड घेतलेला. चाइल्ड त्याला समुद्रापलीकडून पुन्हा पुन्हा लिहीत राहिला की इंग्रजी कथागीतांचा पाया असलेली ही वही छापणं हे इंग्लंडच्या विद्वानांचं कर्तव्य आहे. पैशाची मदतही त्याने देऊ केली. फर्निव्हल वारसांच्या मागे लागला, नकार पचवले, शेवटी परवानगी मिळवली. १८६७-६८ मध्ये जॉन हेल्स आणि फर्निव्हल यांनी वही अक्षरशः जशीच्या तशी छापली आणि चाइल्डला अर्पण केली. या छपाईमागचं कारण चाइल्डचा लकडा, असं फर्निव्हलने प्रस्तावनेत स्वच्छ लिहून ठेवलं. पुढे १८८२ मध्ये चाइल्डने आपल्या मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग फर्निव्हललाच अर्पण केला. पर्सीची वही नसती तर इंग्रजी कथागीतांचा संग्रह करायला कुणी धजलं नसतं आणि तुम्ही नसता तर ती वही अजून माणसाच्या हाती लागली नसती, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय. दोन अर्पणपत्रिकांच्या मधली पंधरा वर्षं म्हणजे मुख्यतः पत्रंच.

आता ग्रुंटविगकडे येते. वेळ थोडा असेल तर हाच पत्रव्यवहार वाचा.

स्वेन ग्रुंटविग कोपनहेगनचा. चाइल्डहून काही महिन्यांनी मोठा, डेन्मार्कच्या थोर धर्मसुधारकाचा मुलगा. ऐन विशीत त्याने इंग्रजी आणि स्कॉटिश कथागीतांचे डॅनिश अनुवाद केले होते. १८४७ मध्ये डॅनिश जुन्या लोकगीतांच्या संपादनाची योजना त्याने मांडली तेव्हा केवढा वाद झाला! जुन्या पठडीतले विद्वान म्हणत होते, निरनिराळ्या पाठांतून, म्हणजे एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या रूपांतून, चांगल्या ओळी वेचून एक सुंदर गाणं बनवा आणि ते छापा. ग्रुंटविगचं म्हणणं होतं : जे आहे ते सगळं, आणि जसं आहे तसं. प्रत्येक पाठ वेगळा छापायचा, शुद्धलेखनालाही हात लावायचा नाही. तो जिंकला. १८५३ पासून त्याचे खंड निघू लागले आणि युरोपात लोकगीतांच्या संपादनाचा कित्ता त्यानेच घालून दिला.

१८७२ मध्ये या दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि ग्रुंटविगच्या मृत्यूपर्यंत, १८८३ पर्यंत चालला. भाषा इंग्रजी. दोघं आपापल्या गावी बसून एकमेकांना प्रश्न विचारत होते. हे गाणं खरं जुनं का? हा पाठ कुणी रचलेला तर नाही? तुमच्याकडे याचं भावंड आहे का? चाइल्डची भीड पहिल्याच वर्षात चेपलेली दिसते. ऑगस्ट १८७२ च्या पत्रात त्याने लंडनच्या रस्त्यांवर विकल्या जाणाऱ्या छापील गाण्यांच्या मोठमोठ्या संग्रहांबद्दल लिहिलं की ते चक्क उकिरडे आहेत, किळस येईपर्यंत उकरावं तेव्हा एखादा बरा मणी हाती लागतो. छापील ग्रंथात चाइल्ड असं बोलत नाही. पण कुठली गाणी आत घ्यायची आणि कुठली बाहेर ठेवायची याचा त्याचा कल या एका वाक्यात जेवढा दिसतो तेवढा प्रस्तावनेत दिसला नसता. तशीही त्याची मुख्य प्रस्तावना कधी लिहूनच झाली नाही. तेव्हा 'लोकांचं गाणं' म्हणजे चाइल्डच्या लेखी नेमकं काय, हे शोधायचं तर १८७४ चा एक कोशलेख, गाण्यांवरच्या टिपा आणि ही पत्रं एवढंच साधन आहे. तुमच्या प्रबंधाला याहून मोठं कारण काय हवं?

गाण्यांचा क्रम कसा लावायचा, हा दोघांच्या पत्रांतला एक मोठा प्रश्न. विषयवार लावायची तर प्रेमाचं गाणं कुठे संपतं आणि भुताचं कुठे सुरू होतं? कालानुक्रमे लावायची तर निनावी गाण्याला काळ कुठून आणायचा? ग्रुंटविगने छंदाची वाट सुचवली. दोन ओळींचं कडवं आणि मध्ये मध्ये येणारं पालुपद हा घाट जुना, म्हणून ती गाणी आधी. चार ओळींच्या कडव्याची नंतर. १८७७ मध्ये त्याने चाइल्डसाठी इंग्रजी-स्कॉटिश गाण्यांची तशी यादीच करून पाठवली. आज जगभर लोक चाइल्डच्या क्रमांकाने गाणी ओळखतात, 'चाइल्ड १२' म्हटलं की 'लॉर्ड रँडल', 'चाइल्ड ८४' म्हटलं की 'बार्बरा अ‍ॅलन'. त्या ३०५ क्रमांकांची सुरुवात अशी कोपनहेगनहून आलेल्या सल्ल्यावर झाली आहे.

एक गाणं जरा जवळून दाखवते, म्हणजे पत्र आणि छापील पान यांचं नातं लक्षात येईल. क्रमांक ४, 'लेडी इझाबेल अँड द एल्फ-नाइट'. इझाबेल तिच्या दालनात शिवत बसली आहे, मे महिन्याची पहिली सकाळ आहे, रानात पऱ्यांच्या मुलखातला सरदार शिंग वाजवतो. ती त्या सुराला भुलते, तो तिला रानात नेतो आणि सांगतो की सात राजकन्या मी इथेच मारल्या, तू आठवी. ती म्हणते, मरायच्या आधी थोडा वेळ माझ्या गुडघ्यावर डोकं ठेव. त्याला झोप लागते. मग ती त्याच्याच पट्ट्याने त्याला बांधते आणि त्याच्याच सुऱ्याने मारते. डेन्मार्कमध्ये हीच गोष्ट आहे, ग्रुंटविगच्या ग्रंथात ती १८३ व्या क्रमांकावर येते, आणि तिथली मुलगी उवा बघण्याच्या निमित्ताने त्याचं डोकं मांडीवर घेते. कथागीतांमध्ये बहुधा हीच गोष्ट सर्वांत दूरवर पसरली, असं चाइल्डने नोंदवलं. या गाण्यावरची त्याची टीप पानामागून पान चालते. स्कँडिनेव्हिया, जर्मनी, हॉलंड, पोलंड, फ्रान्स, इटली करत जाते. ती टीप म्हणजे पत्रांनी विणलेलं जाळं आहे.

आता त्याच गाण्याचा पहिला पाठ, म्हणजे 'अ' पाठ, कुठून आला पाहा. पीटर बकन याच्या संग्रहातून. बकन हा स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पीटरहेडचा मुद्रक. त्याने एका आंधळ्या भिकाऱ्याला पगारावर ठेवून गाणी गोळा करवली होती. स्कॉटलंडमधले पुष्कळ जाणकार म्हणत, बकनची गाणी बनावट आहेत, भिकाऱ्याने पैशासाठी कडवी वाढवली. चाइल्डलाही ती लांबण आणि ती सवंग भाषा सहन होत नसे. ग्रुंटविग मात्र बकनच्या बाजूने ठाम उभा होता. त्याचा मुद्दा असा की बकनच्या पाठांत काही खुणा अशा आहेत की ज्या फक्त जुन्या डॅनिश गाण्यांत सापडतात. पीटरहेडच्या मुद्रकाला आणि त्याच्या आंधळ्या भिकाऱ्याला डॅनिश हस्तलिखितं कुठून माहीत असणार? म्हणजे ती खूण परंपरेतूनच आली असली पाहिजे.

हा युक्तिवाद मला आजही विलक्षण वाटतो. तो पूर्णपणे बिनचूक आहे असं मी म्हणणार नाही. पुढच्या संशोधकांनी या 'अ' पाठावरच शंका घेतल्या आहेत. पण एका देशातल्या गाण्याचा खरेपणा दुसऱ्या देशातल्या गाण्याने पारखायचा, ही पद्धत इथे डोळ्यांसमोर घडताना दिसते. चाइल्डचं मन पुरतं वळलं नाही. त्याने बकनचे पाठ छापले, जागोजागी नापसंतीही नोंदवली. खंडातली ती नापसंती वाचताना वाचकाला वाटतं, मग छापलं कशाला? उत्तर पत्रात आहे. ज्याच्या पारखेवर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता तो माणूस 'छापा' म्हणत होता.

जुलै १८८३ मध्ये ग्रुंटविग गेला. दहापैकी पहिला भाग तेवढा निघाला होता. पुढचं सगळं काम चाइल्डने त्या सल्लागाराशिवाय केलं.

टपालाचं गणितही समजून घ्या, ते कामाशी बांधलेलं आहे. १८४९ पासून अमेरिकेहून इंग्लंडला अर्ध्या औंसाच्या पत्राला २४ सेंट पडत. १८६८ मध्ये ते १२ झाले, १८७० मध्ये ६. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघाचा करार झाला आणि १ जुलै १८७५ पासून डेन्मार्कसह सगळ्या सभासद देशांना १५ ग्रॅमला ५ सेंट असा एकच दर आला. चाइल्डचं मोठं काम नेमकं याच वर्षांत उभं राहिलं. समुद्र ओलांडायला दहाएक दिवस, उत्तर यायला महिना-सव्वा महिना. म्हणजे एका शंकेचं निरसन व्हायला एक ऋतू जायचा. म्हणून त्याच्या पत्रांत एकेका वेळी शंकांची मोठी रास असते आणि उत्तर येईपर्यंत तो दुसऱ्या गाण्याकडे वळलेला असतो. सलग वाचलं तर हे तुटक वाटतं. एखादं गाणं धरून त्याच्यापुरती पत्रं वेचून वाचा, धागा लागतो.

पत्र १५ ग्रॅमचं असू शकतं, वही कशी पाठवायची? किनलॉक या स्कॉटिश संग्राहकाच्या वह्या हार्वर्डच्या ग्रंथालयाने विकतच घेतल्या. बाकीच्यांच्या नकला. नकला म्हटलं की विल्यम मॅकमॅथ.

मॅकमॅथ एडिनबरोच्या एका वकिली कचेरीत कारकून होता. मूळचा गॅलोवेचा. विद्यापीठाशी संबंध नाही, नावापुढे पदवी नाही. पण कायद्याच्या कागदांची नक्कल करणाऱ्या माणसाला जी शिस्त लागते ती त्याच्या हाडीमाशी होती. खाडाखोड असेल तर खाडाखोडीसकट, समासातली टीप समासातच. मी स्वतः आयुष्यभर नकला तपासल्या आहेत आणि सांगते, विद्वानाने केलेल्या नकलेत चुका जास्त असतात, कारण तो अर्थ लावत लिहितो. मॅकमॅथसारखा माणूस जे दिसतं ते लिहितो. चाइल्डने हे ओळखलं. १८७० च्या दशकापासून शेवटपर्यंत तो मॅकमॅथला लिहीत राहिला. ही वही कुणाकडे आहे, ती कुणाच्या वारसाकडे गेली, तिथे कुणाची ओळख काढता येईल. जुन्या स्कॉटिश घराण्यांची कपाटं अशी एकेक करून उघडली गेली.

त्यातलं सर्वांत मोठं कपाट सर वॉल्टर स्कॉटचं. स्कॉटच्या अ‍ॅबट्सफर्डच्या वाड्यात, त्याच्या कथागीतसंग्रहाचा कच्चा माल एका बाडात बांधलेला होता. लोकांनी स्कॉटला पाठवलेली पत्रं, गाण्यांचे कागद. स्कॉटनेही पर्सीसारखीच गाणी दुरुस्त करून छापली होती, त्यामुळे हे बाड म्हणजे दुरुस्तीच्या आधीचा पुरावा. स्कॉटच्या पणतीची परवानगी मिळाली आणि १८९० च्या सुमारास मॅकमॅथने तिथे बसून नकला केल्या. पण तोवर चाइल्डचे बरेच भाग छापून झाले होते! मग काय करायचं? प्रत्येक भागाच्या शेवटी 'भर आणि दुरुस्त्या' असं एक प्रकरण असतं, तिथे ही गाणी जाऊन बसली.

या प्रकरणांकडे कुणी बघत नाही. तुम्ही बघा. उशिरा आलेलं प्रत्येक पत्र ग्रंथात तिथे उमटलं आहे. एखाद्या गाण्याचा 'अ' पाठ दुसऱ्या भागात, आणि त्याच्याहून चांगला पाठ आठव्या-नवव्या भागाच्या शेवटी बारीक टाइपात, असं होतं. आधी मिळाला असता तर तोच 'अ' झाला असता. अक्षरांचा क्रम हा गुणवत्तेचा क्रम समजून लोक प्रबंध लिहितात, पण काही ठिकाणी तो निव्वळ टपाल कधी पोचलं याचा क्रम असतो.

मॅकमॅथने स्वतःच्या नात्यातल्या बायकांकडून ऐकलेली गाणीही पाठवली आणि चाइल्डने ती कुणाकडून आली त्या नोंदीसह छापली. इथे तुमच्या प्रश्नातला रोख थोडा सैल होतो, नाही का? चाइल्ड गाणाऱ्या बाईसमोर बसला नाही, पण बाई त्याच्या ग्रंथात आहे. त्याच्या मते सर्वांत उत्तम स्कॉटिश गाणी ज्यांच्याकडून आली त्या स्कॉटलंडमधल्या फॉकलंड गावच्या मिसेस ब्राउन, म्हणजे माहेरच्या अ‍ॅना गॉर्डन, अ‍ॅबर्डीनच्या प्राध्यापकाची मुलगी. १७८३ मध्ये आणि पुन्हा १८०० मध्ये त्यांच्या तोंडची गाणी वह्यांत उतरवली गेली. लहानपणी आई, मावशी आणि घरातली दाई यांच्याकडून ती त्या शिकल्या. स्कॉटने छापील पुस्तकात त्यांचं नाव घातलं तेव्हा त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं. हेसुद्धा आपल्याला कळतं ते पत्रांतूनच. चाइल्डच्या पत्रांच्या पोटात ही जुनी पत्रं आहेत.

आता त्याच्या हातून सुटलेल्या गोष्टी. त्या लपवण्यात अर्थ नाही.

चाइल्डची ठाम समजूत होती की जिवंत परंपरा जवळपास आटली आहे. तरी त्याने प्रयत्न केला. १८७३ च्या सुरुवातीला लंडनच्या एका नियतकालिकात आवाहन छापलं आणि पुढे स्कॉटलंडच्या पाद्र्यांना आणि शाळामास्तरांना छापील पत्रकं पाठवली. हाती फार थोडं लागलं आणि त्याची समजूत पक्की झाली. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गॅव्हिन ग्रेग आणि जेम्स डंकन या दोघांनी एकट्या अ‍ॅबर्डीनशरच्या परिसरात तीन हजारांहून जास्त गाणी गोळा केली. ग्रेग शाळामास्तर होता आणि डंकन पाद्री. म्हणजे ज्या पेशाच्या माणसांना चाइल्डने पत्रकं पाठवली, त्याच पेशाची माणसं. १९१६ ते १९१८ मध्ये सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत हिंडला तेव्हा चाइल्डच्या यादीतली कितीतरी गाणी चाइल्डच्याच देशात लोक गात होते.

पत्रक का फसलं असावं? मला वाटतं, त्याचं उत्तर आपल्याकडे ज्यांनी ओव्या गोळा केल्या त्यांना चटकन कळेल. एखाद्या म्हातारीला "आजी, तुम्हाला जुन्या ओव्या येतात का?" असं विचारलं की ती म्हणते, "मला मेलीला कुठं काय येतंय." तिलाच जात्यापाशी बसवा, खुंट्याला हात लावा, एक ओवी तुम्ही चुकीची म्हणा. ती दुरुस्त करते आणि मग थांबत नाही. कागदावरचा प्रश्न हे करू शकत नाही. पत्र वहीपर्यंत पोचतं, गळ्यापर्यंत पोचत नाही. चाइल्डच्या पद्धतीची ही खरी मर्यादा आहे आणि त्याच्या पत्रांत ती जागोजागी दिसते. तो विचारतो, वही कुणाकडे आहे? गातं कोण, हे फार क्वचित विचारतो. चाली तर जवळजवळ विचारतच नाही. शेवटच्या खंडात परिशिष्टात थोड्या चाली आल्या तेवढ्याच.

तरीही घरबशा म्हणून त्याला बाजूला सारू नका. वही शोधणारा माणूस नसता तर पर्सीच्या आणि स्कॉटच्या हातची गाणी आपण लोकांची म्हणून शिकत राहिलो असतो.

वाचायचं कसं, त्याबद्दल माझ्या कामातून सांगते. दोन्ही बाजू समोर असल्याशिवाय पत्रव्यवहारावर निष्कर्ष काढू नका. चाइल्डची बरीचशी कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मॅकमॅथचा संग्रह स्कॉटलंडमधल्या कर्कुब्रीच्या ब्राउटन हाउसमध्ये, ग्रुंटविगचे कागद कोपनहेगनला. ग्रुंटविगशी झालेली पत्रं १९३० मध्ये छापलीही गेली आहेत, अ‍ॅबर्डीनच्या विल्यम वॉकरला लिहिलेलीही त्याच साली निघाली, आणि कवी जेम्स रसेल लोवेलशी झालेली १९५२ मध्ये. लोवेल त्याचा जिवाभावाचा मित्र, पुढे माद्रिदला आणि लंडनला अमेरिकेचा राजदूत होता. त्या पत्रांत चाइल्ड मोकळा आहे. त्याच्या बागेतले गुलाब आहेत, थकवा आहे, थट्टा आहे. पण गाण्यांच्या कामासाठी त्यांचा क्रम शेवटचा लावा.

पाकिटं आणि सोबतचे चिटोरे यांना हात लावू देऊ नका. एका संस्थेत मी लोकगीतांच्या एका जुन्या संग्राहकाची पत्रं लावत होते. माझ्या आधी कुणीतरी जागा वाचवायला सगळी पाकिटं फेकून दिली होती आणि पत्राला टाचलेले गाण्यांचे कागद काढून 'कविता' म्हणून वेगळ्या फायलीत ठेवले होते. कुठलं गाणं कुठल्या गावाहून आलं हे आता कुणालाही सांगता येणार नाही. टाचणीच्या गंजाचे डाग जुळवून मी चाळीसेक कागद परत त्यांच्या पत्रांना लावले, बाकीचे अनाथ राहिले. त्या कामाचं दुःख मला अजून आहे.

आणि वाचताना एक वेगळी वही करा, फक्त मागण्यांची. कोणत्या तारखेला त्याने काय मागितलं, कुणाकडे, मिळालं का, मिळालं तर ग्रंथात कुठे आलं. उत्तर न आलेल्या मागण्या लाल शाईने. मी असं केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मान्यवर विद्वानांकडच्या मागण्या बऱ्याचदा लाल राहतात आणि कारकून, ग्रंथपाल, गावातले हौशी लोक यांच्याकडच्या पुऱ्या होतात.

सुरुवात १८७२ पासून १८७७ पर्यंतच्या ग्रुंटविगच्या पत्रांनी करा. शेजारी पहिल्या भागातलं चौथं गाणं उघडं ठेवा. मग मॅकमॅथ, आणि त्याच्यासोबत आठव्या-नवव्या भागांच्या शेवटच्या दुरुस्त्या. चाइल्ड सप्टेंबर १८९६ मध्ये गेला तेव्हा दहावा भाग व्हायचा होता. तो त्याच्या विद्यार्थ्याने, जॉर्ज लायमन किट्रेजने १८९८ मध्ये पुरा केला. त्यातल्या सूच्या, हस्तलिखितांची यादी आणि शेवटच्या दुरुस्त्या तुम्ही पत्रं वाचून झाल्यावर पुन्हा बघा. यादीतल्या जवळजवळ प्रत्येक वहीसमोर तुम्हाला एखादं नाव आणि एखादी तारीख लिहिता येईल.